दसऱ्याच्या पूजेतली रायफल

आमची सून ऑस्ट्रियाची. बायथलीट. म्हणजे पाठीवर रायफल लावून बर्फावरून ऊर फुटेस्तोवर स्कीइंग करायचं, मध्येच थांबून पाच काळ्या टिकल्या टिपायच्या, एक चुकली की शिक्षेचा जादा फेरा. बर्मिंगहॅममधल्या आमच्या मराठी मंडळींना हे इतक्यांदा समजावलंय की आता कुणी विचारलं तरी डोकं फिरतं. "म्हणजे शिकार का हो?" म्हणे. शिकार कसली डोंबलाची.

लहानपणापासून ती हेच करत आली. गावच्या टेकडीवरून देशाच्या टीमपर्यंत पोचली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टीमबाहेर पडली, पुन्हा आत आली. एकटीला पदक कधी मिळालं नाही; रिलेत एकदा तिसऱ्या आल्या, तेवढंच. माझ्या मुलाशी लग्न करून आमच्या घरात आली, तरी रोज सकाळी कालव्याकाठच्या सायकल ट्रॅकवर चाकांच्या स्कीज घालून सराव चालूच. नोव्हेंबरात तिकडे निवडचाचणी होती. त्यात आली तर शेवटचा एक सीझन, नाही तर संपलं. पस्तिशीच्या बाईला पुढच्या वर्षी कोण बोलावतंय?

रायफल आमच्या जिन्याखालच्या लोखंडी कपाटात. इथला कायदा कडक. लायसन्स जिच्या नावावर, कपाट उघडायचं फक्त तिनेच. पोलीस घरी येऊन हे सांगून गेले होते आणि आमच्या ह्यांनी आणि मुलाने नंदीबैलासारख्या माना डोलावल्या होत्या.

आणि दसऱ्याला ह्यांना शस्त्रपूजा आठवली. इतकी वर्षं कारला आणि लॅपटॉपला झेंडू वाहून भागत होतं. यंदा घरात खरं शस्त्र आहे म्हटल्यावर अंगातच आलं. सून ट्रॅकवर, मी हॉस्पिटलात ड्यूटीवर. एक किल्ली सुनेच्या गळ्यात असायची, दुसरी तिच्या कुलूपबंद बॅगेत. त्या बॅगेचा नंबर मुलाने कधीतरी तिच्या मागून बघून ठेवला होता. रायफल चौरंगावर आली. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचा हार. त्या नेम धरायच्या भोकात कुंकू गेलेलं मी स्वतः नंतर पाहिलं. दोघांनी शेजारी बसून हसरा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. शंभर जणांनी हात जोडले. एकाला तरी अक्कल होती, त्याने पोलिसांना कळवलं. त्याला मी दोष देत नाही.

दोन दिवसांनी पोलीस आले आणि रायफल घेऊन गेले. चौकशी होईपर्यंत लायसन्स बंद. सून रडली नाही. पायऱ्यांवर बसून राहिली, नि मी आणलेला चहा तसाच गार झाला.

त्या संध्याकाळी मुलाने मला किल्लीची गोष्ट सांगितली. वर म्हणाला, "आई, प्लीज, बोलू नकोस. मी बँकेत आहे, रेकॉर्ड झाला तर जॉब जाईल." मी म्हटलं, मग तूच खरं सांग. हो म्हणाला.

चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. आम्ही चौघं समोर. कपाट कसं उघडलं, असं त्यांनी विचारलं. मुलगा शांतपणे म्हणाला, कपाट उघडंच होतं, ती घाईत लावायला विसरली असेल.

सून त्याच्याकडे बघतच राहिली. हे कार्पेटकडे. बाई लिहून घ्यायला लागल्या, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहू नका, मी म्हटलं, तो खोटं बोलतोय. बॅगेतून किल्ली त्याने काढली, तिला पत्ता नव्हता, माझ्याजवळ त्याने कबूल केलंय. मग किल्लीचं, बॅगेचं, नंबरचं, सगळं सांगितलं.

त्या गेल्यावर हे म्हणाले, "अगं, घरातलं घरात ठेवायचं असतं."

"आणि ती कोण मग? पेइंग गेस्ट?" मी विचारलं. हे टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. अहो, आयुष्यभर ह्यांचं हे असंच.

मुलाची नोकरी वाचली. ताकीद देऊन सोडलं. सुनेचं लायसन्सही राहिलं, पण रायफल हातात आली तेव्हा चाचणी होऊन गेली होती. ती कुणावर ओरडली नाही. मी तरी ओरडले असते. तिने दोन बॅगा भरल्या, रायफल सोबत न्यायचे कागद करून घेतले आणि आईवडिलांकडे गेली. तिथल्या मुलींना आता नेम धरायला शिकवते. फोन मला करते, त्याला नाही.

मुलगा अजून माझ्याशी धड बोलत नाही. परवा जेवताना म्हणाला, "आई, तू गप्प बसली असतीस तर ती आज इथे असती."

असती ना. पोलिसांत निष्काळजी म्हणून नाव लागलेली, जन्मात पुन्हा रायफल हातात न आलेली, आणि तुझ्यासमोर बसून मुकाट्याने आमटीभात जेवणारी. तशी सून मला नको होती, आणि तसा मुलगाही.