मामांनी मला सांगितलेलं

मी सांगलीत, विश्रामबागच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि सवड मिळाली की विज्ञानकथा लिहिते. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एका अस्त्राची कथा लिहायला घेतली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहातून टंगस्टनची लांब सळई सोडायची. तिच्यात स्फोटक नाही, नुसता वेग. खाली येताना ती स्वतःच दिशा सुधारत येते आणि ठरल्या जागी आदळते. वेग, कोन, उष्णता, सगळं मी कागदावर मांडून पाहिलं होतं. अडलं ते माणसापाशी. एवढ्या लांबून मारणाऱ्याला काय वाटत असेल, ते काही सुचेना.

माझे मामा पलूसजवळ राहतात. तोफखान्यातून निवृत्त झालेले. टेकडीवर बसायचं, गोळा कुठं पडला ते दुर्बिणीतून बघायचं आणि पुढचा कुठं टाकायचा ते वायरलेसवर सांगायचं, हे त्यांचं काम. मी विचारलं तेव्हा ते द्राक्षबागेत होते. पानं खुडत होते.

"एकदा माझा आकडा चुकला," म्हणाले. "गोळा एका घरावर गेला. अंगणात दोरीवर कापडं वाळत हुती. धूर गेल्यावर बघतोय तर घर न्हाई, कापडं तशीच." मग हळूच म्हणाले, "तुझ्या मामीला बी ठाव न्हाई हे."

मी ते जसंच्या तसं कथेत घातलं. फक्त माझा अधिकारी अंतराळस्थानकात बसून पडद्यावर ते कपडे बघतो आणि कॉफीचा घोट घेतो.

कथा लोकांना आवडली. सांगलीत वाचनाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी मामा-मामींना आग्रहानं बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. मामींसमोर आपण काय वाचणार आहोत, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

वाचन संपल्यावर कुणीतरी विचारलं, "ते दोरीवरचे कपडे कसे सुचले?"

"सुचले नाहीत," मी ऐटीत म्हणाले. "ज्यांनी ते पाहिलं, ते इथंच बसलेत." आणि मामांकडे हात केला.

टाळ्या पडल्या. मागून एकानं विचारलं, "घरात किती माणसं होती हो?"

मामा ताठ उभे राहिले. "ते मला कवाच कळलं न्हाई," म्हणाले आणि खाली बसले. शेजारी मामी विचारत होत्या, "आवं, कुणाचं घर?" व्यासपीठावर मला ते स्वच्छ ऐकू आलं.

पंधरा दिवस पलूसला जायचा धीर झाला नाही. मग गेले, माफी मागितली. मामा रागावले असते तर बरं झालं असतं.

"गोष्ट ब्येस हाय," ते म्हणाले. "पर त्यो तुझा साहेब कॉफी पितो. मी दोन दिस जेवलो नव्हतो गं." मग स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "हिला सांगायचंच हुतं मला. पर माझ्या तोंडानं."

मामींनी चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता त्या आत गेल्या.

पुढं माझा कथासंग्रह निघाला, त्यात ती कथा मी घेतली नाही. प्रकाशकांनी कारण विचारलं तर गणितात चूक सापडली म्हणून खोटंच सांगितलं. खरं सांगायची तेव्हाही लाज वाटली.

मामा अजून फोन करतात. उसाची तोड, नातीची शाळा, सगळं सांगतात. फौजेतलं मात्र काही काढत नाहीत, आणि मीही विचारत नाही.