बाळ आलं ती वेळ

आमच्या बाई एकतीस वर्षं सुईणकाम करून थकल्या नव्हत्या, तेवढ्या नव्या पोरींना शिकवून थकल्या होत्या. पोरगी बाळंतपण करत असली की बाई स्वतःचे हात खिशात कोंबून उभ्या राहत, मध्ये घालायचा मोह नको म्हणून. "बाळ आलं की आधी घड्याळ बघ," हे सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता.

परवा नव्या पोरीनं तिचं पहिलं बाळ अलगद झेललं. बाळ रडलं, पाठोपाठ पोरगीही रडली.

"वेळ?" बाई खेकसल्या.

पोरीनं बघितली नव्हती. बाईंनीही नाही, त्या पोरीचे हातच बघत राहिल्या होत्या.

"चार वाजून दहा," खाटेवरून बाळंतीण म्हणाली. "सकाळपासून मी दुसरं काय बघतेय?"