न घेतलेलं नाव

नांदेडच्या दवाखान्यातून ह्यांना लोह्याला घरी आणलं, तेव्हा जो तो म्हणाला, जीव वाचला ना, मग झालं. पण अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. समजायचं सगळं, शब्द तेवढा ओठावर येत नव्हता. विहारात सगळ्यांच्या पुढे वंदना म्हणणारा माणूस पाणी मागायला गळ्याला हात लावायचा. आमच्यात नवस-सायास नाहीत. मी रोज मेणबत्ती लावून 'बुद्धं सरणं गच्छामि' हे सरण म्हणायचे खरी, पण आतून धुमसत होते. मागावं तरी कुणाकडे?

मग डॉक्टरांनी लातूरचा उपचार सुचवला. डोक्याला ओल्या स्पंजच्या पट्ट्या लावून अगदी हलका करंट द्यायचा आणि त्याच वेळी बोलण्याचा सराव करून घ्यायचा. नुसत्या करंटनं वाचा येत नाही, सरावाला मदत होते, तीही सगळ्यांनाच होईल असं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. चाकूरला नणंदेकडे राहून आम्ही लातूरला ये-जा करू लागलो.

सराव घेणाऱ्या बाई माझ्याकडे बोट दाखवून विचारायच्या, "काका, ह्या कोण? नाव सांगा." हे घामाघूम व्हायचे, डोळे भरून यायचे. एके दिवशी मला ते बघवेना. बाहेरच्या बाकावर येऊन रडले. शेजारी उदगीरची एक मावशी बसली होती, तीही आजारी नवऱ्याला घेऊन आलेली. तिला म्हटलं, "माझं नावसुदिक विसरले वो."

तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, तीही रडायली. पण ती हसत होती. "आवो बाई, धडधाकट व्हते तवा तरी नाव घेत व्हते का?"

खरंच की. लग्नापासून ह्या माणसानं मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. आमची लेक सुजाता, आणि ह्यांच्या तोंडी मी तिची माय. कधी तोंडात नसलेला शब्द आम्ही त्यांच्याकडे रोज मागत होतो.

बाईंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवसापासून पट्ट्या लावल्या की त्या ह्यांच्या डाव्या हातावर ठेका धरून "सुजाताची..." म्हणायच्या आणि थांबायच्या. बरेच दिवस काहीच झालं नाही. हळूहळू मी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघणं सोडलं. बोलले तर बोलले, नाही तर माणूस तर समोर आहे, असं मनाला सांगितलं आणि खरंच हलकं वाटलं.

असंच एकदा पाठमोरी उभी राहून पिशवीत डबा भरत होते. मागून हाक आली, "सुजाताची माय."

"आले, आले वो," मी मान न वळवताच म्हणाले. मग हात जागीच थांबले.

आजही ह्यांना मोजकेच शब्द येतात. ते करंटनं आले, सरावानं आले की त्या मावशीच्या हसण्यानं, मला ठरवायचं नाही. ती पुन्हा भेटली नाही, तिचं भलं होवो. जन्मभर मी सरण म्हणत आले, पण शरण जाणं म्हणजे आधी आपला हट्ट खाली ठेवणं, हे मला लातूरला कळलं. संध्याकाळी वंदनेला बसलो की हे मधेच अडखळतात. पुढचा शब्द मला पाठ असतो. मी तो म्हणत नाही, थांबते.