फोरमनचाचांची भीती

फोरमनचाचा मशीनला घाबरत. उभं आयुष्य लेथ आणि मिलिंगवर काढलेला माणूस, त्यातली निम्मी वर्षं आखातात. पण बटण दाबायची वेळ आली की त्यांचा चेहरा उतरायचा. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, घड्याळ काढून खिशात टाकायचं, ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणायचं आणि एक पाऊल मागे सरून, हात लांब करून ते बटण दाबायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले. ते रागावले नाहीत. "हस, बेटी. माझी दहाही बोटं जाग्यावर आहेत ती या भीतीमुळंच," एवढंच म्हणाले.

आगरदांड्याजवळच्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. पनवेलच्या कारखान्यातली सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची माझी नोकरी सुटली आणि मी घरी परतले. बाबांच्या जाळी ठेवायच्या पडवीत एक छोटा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं मशीन, मांडला आणि होमस्टेवाल्यांसाठी लाकडी पाट्या कोरू लागले. आवाज ऐकून चाचा एक दिवस आपणहून आले, दारात चप्पल काढून उभे राहिले आणि मग रोजच येऊ लागले. आल्याआल्या वाळूची बादली जागेवर आहे ना, ते आधी बघायचे. ती बादलीही त्यांनीच आणून ठेवली होती, आगीच्या भयानं.

दिसेल त्या वस्तूवर अंगठ्याचं नख फिरवायची त्यांना खोड होती. दुकानातला तवा, कुणाच्या मोटरसायकलची टाकी, एकदा तर आईच्या नव्या कुकरची कड. "डोळा लाडावलेला असतो, त्याला हवं तेच दिसतं. नखाला लाज नाही," असं म्हणायचे. आई म्हणायची, या माणसासमोर भाकरीसुद्धा भीतभीत वाढावी लागते.

ते मुलीकडे श्रीवर्धनला गेले होते त्या आठवड्यातली गोष्ट. माझा थोरला भाऊ मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्याच्याच हुकमात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा जो पंप असतो, त्याचं झाकण खाऱ्या पाण्यानं खाल्लं होतं. नवं यायला बरेच दिवस लागणार होते. "तुझ्या मशीनवर व्हईल का गं?" दादानं विचारलं. मी हो म्हणाले. ॲल्युमिनियम मी तोवर कधी कापलं नव्हतं.

कटर ॲल्युमिनियमच्या पट्टीला टेकला आणि कानठळ्या बसवणारी किंचाळी उठली. मी घाबरून कटर पुढे सरकण्याचा वेग निम्मा केला, मग त्याच्याही निम्मा. किंचाळी थांबेना. झाकण झालं, मापातही होतं. पण पंपावर टेकणारी बाजू ओरबाडल्यासारखी, रेघारेघांची. मी ती पॉलिश पेपरनं घासली, पॅकिंगवर भरपूर पेस्ट फासली आणि झाकण दादाच्या हातात दिलं.

"चाचांना दाखवलंस?"

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोट गेली. दुपारी चाचा श्रीवर्धनहून आले ते थेट पडवीत. आधी बिघडलेला एक तुकडा टेबलावर पडला होता. त्यांनी त्यावर नख फिरवलं. कर्रर्र आवाज आला. दादाच्या पंपाचं झाकण करून दिल्याचं मी सांगितलं.

"दिलेला तुकडा असाच होता?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. माडांच्या झावळ्या एका बाजूला वळल्या होत्या. वारा सकाळपासूनच चढत होता. "भावाला फोन लाव," ते म्हणाले. फोन लागेना.

जेट्टीवर आम्ही तीन तास उभे होतो. पलीकडच्या दिघीची फेरीबोट आली, गेली, पुन्हा आली. चाचांच्या हातात तसबीह होती आणि त्या जपमाळेचा एकेक मणी ते पुढे सरकवत होते. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी बोलावं, निदान शिव्या तरी घालाव्यात. ते फक्त पाण्याकडे बघत होते. खोटं बोलले हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.

सूर्य कलल्यावर एक बोट दुसऱ्या बोटीला ओढत आणताना दिसली. मागची दादाची होती. झाकणाच्या कडेनं पाणी सुटलं, इंजिन तापून बंद पडलं आणि बोट वाऱ्यावर खडकांकडे वाहत गेली. नांगरही धरेना. खडक हाकेवर आले, तेव्हा दुसऱ्या बोटीचा दोर हाती लागला. दादासकट बोटीवरचे चौघेही सुखरूप होते. दादाचे तळवे दोरानं सोलून निघाले होते.

जेट्टीवर माणसं जमली. दादा वर चढला आणि सरळ चाचांसमोर येऊन उभा राहिला. "चाचा, तुम्ही बघितला व्हता ना त्यो तुकडा?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"होय," ते म्हणाले. "माझी नजर चुकली. माफ कर."

एवढ्या माणसांत फोरमनचाचांनी मान खाली घातली. मी शेजारीच उभी होते आणि काहीच बोलले नाही.

दोन दिवसांनी ते नेहमीसारखे आले. जेट्टीचा विषय नाही. "चल, चूक शोधू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळणार नाही." त्यांनी कटर काढून उन्हात धरला. धारेवर ॲल्युमिनियम वितळून चिकटलं होतं. "तू घाबरून हळू चालवलंस. मग हा कापत नाही, नुसता घासतो. घासला की तापतो, तापला की धातू चिकटतो, आणि चिकटलेला धातू पुढचं सगळं ओरबाडतो." मग आठवडाभर एकेक दोष निघत गेला. कटर दोन बोटं जास्त बाहेर लोंबत होता. पट्टी मधोमध उचलली जाऊन थरथरत होती. राउटरचं एक चाक ढिलं होतं. एकाच धारेचा कटर मागवला, त्याचे मिनिटाचे फेरे कमी केले, पुढे सरकण्याचा वेग वाढवला, रॉकेलचा पुसटसा हात फिरवला आणि चुरा सतत फुंकून बाजूला केला. वेग वाढवताना माझं बोट बटणावर अडलं. "भी," ते म्हणाले, "पण दाब." किंचाळी गेली, एकसारखी सरसर उरली. नवीन झाकणावर त्यांचं नख निःशब्द सरकलं. ते झाकण त्यांनी मलाच दादाकडे पोचवायला लावलं.

त्यानंतर तीन वर्षं चाचा होते. त्यांच्या मातीला गाव लोटलं. दफन करून दादा घरी आला, अंगणात बसला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, त्यो तुकडा चाचांनी कधी बघितलाच नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले."

"ठावं हाय मला," दादा म्हणाला. "दुसऱ्या दिशी सकाळीच आले व्हते माझ्याकडं. म्हणाले, काल चारचौघांत खोटं बोललो, ते परत घ्यायला आलोय. पण तिला काय इचारू नको. लय भ्याली हाय. आता इचारलंस तर पुन्हा खोटं बोलंल. तिचं तिला सांगू दे."

दादानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"दर शुक्रवारी, जुम्म्याला, मशिदीतनं येताना इथं कुंपणापाशी थांबायचे," तो म्हणाला. "इचारायचे, सांगितलं का रे तिनं? मी न्हाय म्हनायचो. तर म्हनायचे, सांगंल. आन् जायचे."