वडिलांनी मांडलेलं आईचं ताट
करपलेल्या भाकरीचा वास आला की लातूरमधली आमची भाड्याची खोली आठवते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, नव्या कचेरीत आईला टायपिस्टची नोकरी लागली होती आणि दुष्काळात औशाकडचं शेत पडीक राहिल्यामुळे वडीलही आमच्याबरोबर शहरात आले होते. त्या संध्याकाळी आई अजून यायची होती आणि वडील स्टोव्हपुढे बसले होते, तेवढ्यात गावाहून थोरले चुलते आले. ते दारातच थबकले. "तू भाकऱ्या थापायलास?" वडील म्हणाले, "ती हापिसात हाय, मी घरी हाय." चुलते बसले, पण त्यांना चैन पडेना. "गावाकडं चला माघारी. लोक नावं ठेवायलेत." वडील काही बोलायच्या आत आई आली. चुलत्यांना बघून तिने डोक्यावर पदर ओढला आणि घाईने स्टोव्हजवळ जाऊन म्हणाली, "उठा तुम्ही." वडील उठले नाहीत. त्यांनी शेजारीशेजारी दोन ताटं मांडली, एक चुलत्यांचं आणि एक आईचं. "दमून आलीस, जेव." आमच्याकडे बाया पुरुषांच्या पंगतीला कधी बसत नसत. आई पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत उभीच राहिली. तिच्याकडे बघता बघता वडिलांची तव्यावरची भाकरी करपली. शेवटी चुलतेच भिंतीकडे सरकले आणि हळू म्हणाले, "बस माय." ती बसली, पण उठून वाढायला जायला तिचे पाय सारखे हलत होते. आज पाहुण्यांसमोर माझा नवरा वाढायला उठला की माझेही पाय चुळबुळतात. मी ते मांडीखाली दाबून बसून राहते.