शहागडचा करडा नर

माझ्या धवली सशिणीचं लागोपाठ दुसरं वेत थंडीनं गारठून मेलं, तेव्हा बायको म्हणाली, "इलाज तरी शोधा, नाहीतर ससे तरी मोडा." मोठे, पांढरेशुभ्र ससे ही माझी हौस, रविवारी अर्धं जालना पाहायला लोटायचं. ते विकून टाकायला मन धजेना. म्हणून धवलीला पाटीत घातलं आणि आमचे ससे मूळचे जिथले, त्या शहागडची बस धरली. निजामी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हा.

कुणाला जायचं असेल तर सकाळचीच बस धरा, दुपारचीचा भरवसा नाही. अंबडपर्यंत रस्ता बरा, पुढं नुसता फुफाटा. अंबडला बस तासभर थांबते. स्टँडवरची भजी गरम असतात, तेव्हा दोन आण्यांत पोट भरायचं. कंडक्टरनं पाटीत डोकावून विचारलं, "मास्तर, ससा हाय का बकरू?" मी फुशारून गेलो.

शहागडला गोदाकाठी किसनबाबांचा मळा. त्यांच्या वडिलांना जालन्याच्या छावणीतल्या साहेबानं करड्या सशांची जोडी दिली होती. त्यातच कधीतरी पांढरी पिल्लं झाली, ती माझ्या काकांनी आणली. म्हणजे दोघांचे ससे एकाच घरचे. पण बाबांच्या मादीशेजारी धवली दुप्पट दिसत होती.

बाबांनी विचारलं, "पिल्लू ठेवता ते काय पाहून?"

"मोठं आणि पांढरं."

"म्या मायकडं पाह्यतो. जी पोटाचे केस उपटून पिल्लांना उबेचं घरटं करती, तिचंच पिल्लू ठेवायचं. बाकीचे बाजारात. तुमची करती का?"

धवली कधीच करत नव्हती. तिची आईही. आम्ही तीस वर्षं रंगच पाहत आलो होतो. मला फार शरमल्यासारखं झालं.

"माझा करडा नर लावून न्या तिला," बाबा म्हणाले. "व्यायच्या टायमाला तिचे केस तुम्हीच हलके उपटा अन् खोक्यात पसरा. पर पिल्लं पांढरी व्हायची न्हाईत, बराबर ध्यानात ठेवा."

मी धवलीकडे पाहिलं आणि पाटी उघडली.

महिन्याभरानं सात पिल्लं झाली, सगळी करडी. सातही जगली. त्यांतल्या एका मादीनं पुढं स्वतःच घरटं केलं. तिचीच पिल्लं मी ठेवत गेलो.

रविवारी आता कुणी येत नाही. करड्या सशांत पाहण्यासारखं काय असतं? वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण हिवाळ्यात सकाळी खोक्यात हात घातला, की केसांखाली ऊब लागते.