चौथी जागा

लातूरला क्लास सुटला की मी आणि माझा मित्र अहमदपूरच्या एसटीची वाट पाहत स्टँडवर पत्ते खेळायचो. तिथंच तो म्हातारा भेटला. मेंढीकोटला चार जण लागतात, आम्ही तिघंच. तरी तो चौथी जागा तळहातानं पुसायचा, तिच्यापुढं पालथी पानं वाटायचा आणि म्हणायचा, "ह्यो माझा भिडू." भूकंपाच्या आदल्या रात्री, गणपती बुडवून आल्यावर मांडलेला त्यांचा डाव अर्धाच राहिला होता.

भिडूची पानं तोच न बघता टाकायचा. उतारीचा रंग कधी चुकायचा नाही.

"हात दुबळा असला की मोठी पानं आधी सोडायची," तो सांगायचा. "हुकमाची दुर्री तेवढी शेवटापतूर जपायची."

त्याच्या जुन्या कॅटवर खुणा असणार. लबाडी पकडायचीच म्हणून मी कोरा कॅट नेला, स्वतः पिसला, स्वतः वाटला. त्यानं हात मागं घेतले.

"आज भिडूची पानं तुमीच काढा."

मी कुठलंही पान उचलावं आणि तेच बरोबर यावं! शेवटच्या हाताला माझा एक्का आणि मित्राची दश्शी पडली. भिडूचं उरलेलं पान मी उलटलं, तर हुकमाची दुर्री.

"तो तुम्हाला सांगतो काय?" मी चिडून विचारलं.

"भिडूनं बोलायचं नसतंय," तो शांतपणे म्हणाला. "खेळाचा नियमच हाय."

एसटी लागली. पानं गोळा करताना माझा हात चौथ्या जागेवर टेकला. थंडीनं सगळी फरशी गारठली होती. तेवढीच जागा, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी, कोमट होती.